द्वारा

पत्त्यात ‘द्वारा’ लिहिलं, की पुढचं घर दुसऱ्याचं असतं. माझ्या वडिलांच्या नावाखाली हा शब्द सहा वर्षं होता. द्वारा, मग काकांचं नाव, क्वार्टरचा नंबर, लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली 110023. आज बाबा नाहीत, काकाही नाहीत. त्या एका शब्दाचं ऋण मात्र वारशानं माझ्याकडे आलं आहे.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत कारकून होते. लक्ष्मीबाई नगरात आम्हाला क्वार्टर मिळालं होतं. भिंतीपलीकडे काका-काकू राहायचे. रक्ताचं नातं काही नाही, पण दूध उतू गेलं तरी एकमेकांना वास यायचा. बाबांनी ऑफिसच्या पैशांत अफरातफर केली. ती त्यांनी केली होती, हे त्यांनी कधी नाकारलं नाही आणि मीही नाकारत नाही. 1992 मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. नोकरी गेली आणि नोकरीबरोबर घरही गेलं. आई मला घेऊन माहेरी, आटपाडीला आली. मी नऊ वर्षांची होते.

आटपाडीजवळच स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानात 1939 साली, राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकारानं ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. तिथं कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. व्ही. शांताराम यांचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ या प्रयोगावरूनच सुचला. त्याची कथा आमच्या माणदेशातल्या गदिमांची. गावाला या सगळ्याचा अभिमान होता, पण आईला त्याचं काही नव्हतं. ती दार लोटून घरात बसायची.

आबा, म्हणजे माझे आजोबा, एके सकाळी आम्हा दोघींना स्वतंत्रपूरच्या बाजूला घेऊन गेले. रस्त्यावरून दिसत होतं : एक बाई दारात सुपानं ज्वारी पाखडत होती, पलीकडं तिचा नवरा पिकाला पाणी देत होता. आबा म्हणाले, “बघ पोरी. शिक्षा त्याला झालीया, संसाराला न्हाई.” त्या रात्री आईनं काकूंना पहिलं पत्र लिहिलं. उत्तरात चार ओळी काकांच्या होत्या : “वहिनी, ते सुटतील त्या दिवशी मी दारात असेन. पुढचं मग बघू.”

तिकडे दिल्लीत, बाबा होते त्या तिहार तुरुंगात दिवस बदलत होते. 1993 च्या मे महिन्यात किरण बेदी कारागृह महानिरीक्षक म्हणून आल्या. शिकलेल्या कैद्यांनी न शिकलेल्यांना शिकवायचं, असं सुरू झालं. बाबा अक्षरं गिरवून घ्यायचे, इतरांचे अर्ज लिहून द्यायचे. एप्रिल 1994 मध्ये हजाराहून अधिक कैदी दहा दिवसांच्या विपश्यनेला बसले, त्यात बाबाही होते. त्याबद्दल ते पुढं आदरानं बोलत. म्हणत, “आत मन आवरायला शिकलो. बाहेर आलो तेव्हा कळलं, मला पत्ताच नाही.”

1995 च्या जानेवारीत ते सुटले. दिल्लीची थंडी, अंगावर तीन वर्षांपूर्वीचा शर्ट. काका स्कूटर घेऊन उभे होते, हातात स्वतःचा स्वेटर. घरी काकूंनी आंघोळीला पाणी काढलं आणि पिठलं-भात वाढला. मागच्या व्हरांड्यात खाट टाकली. सरकारी क्वार्टरमध्ये बाहेरचा माणूस ठेवला की पोटभाडेकरू ठेवल्याची तक्रार व्हायची भीती. काकांनी स्वतःहून ऑफिसला लिहून कळवलं, की माझ्याकडे पाहुणा आहे, त्याच्याकडून पैसा घेत नाही.

सुटलेल्या माणसाचे हातपाय धड असतात, कष्टाची तयारी असते. अडतं ते एका प्रश्नापाशी : “ओळखीचं कोण आहे?” खोली बघायला जा, कामाला जा, बँकेत जा, सगळीकडे हाच प्रश्न. तिथं बाबा काकांचं नाव सांगायचे. कुणी खात्री करायला आलं, तर काका त्याला घरात बसवून चहा द्यायचे आणि शिक्षेचीही हकिगत सांगायचे. त्यांनी बाबांची ओळख दिली ती पूर्ण दिली, अर्धी झाकून नाही.

त्या वर्षी कॉलनीतल्या मराठी घरांच्या गणपतीची बैठक होती. खजिनदार बदलून गेले होते. काकांनी बाबांचं नाव सुचवलं. खोलीत शांतता पसरली. मग एकजण म्हणाले, “अहो, वर्गणीचे पैसे त्यांच्या हातात?” काका म्हणाले, “हो. एक रुपया कमी आला तर माझ्या पगारातून घ्या.” आणि मग बाबांकडे वळून, सगळ्यांदेखत : “पण तुमचा हिशेब तपासला जाईल. दरवर्षी सगळ्यांचा तपासतो, तसाच.”

बाबा सांगत, की त्या क्षणी त्यांना रडू आलं ते विश्वास ठेवला म्हणून नव्हे, तपासणार म्हणाले म्हणून. तीन वर्षं ते एकतर चोर होते, नाहीतर दयेचे धनी. ‘सगळ्यांसारखा’ हा शब्द त्यांच्या वाट्याला पहिल्यांदा आला होता.

पुढं गणपतीच्या वर्गणीच्या वह्या दाखवून बाबांना आयएनए मार्केटात एका दुकानाचं हिशेबाचं काम मिळालं, मग आणखी दोन दुकानांचं. आई आणि मी दिल्लीला परतलो. खोली भाड्याची होती. ती दोनदा बदलावी लागली, पण टपाल काकांकडेच येत राहिलं.

आज आपल्या तुरुंगांतल्या चार माणसांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, गुन्हा सिद्ध न झालेले. तेही एक दिवस बाहेर येतात आणि त्याच प्रश्नापाशी अडतात. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून अशा माणसांच्या पाठीशी उभा आहे. असं काम संस्थांनी करावंच. पण ‘द्वारा’ या शब्दापुढे संस्थेचं नाव लिहून भागत नाही. तिथं एखादं घर लागतं, आपल्यातल्याच कुणाचं तरी.

गेल्या वर्षी सुटून आलेल्या एका तरुणाच्या अर्जावर मी माझा पत्ता दिला. हात क्षणभर थांबला, हे कबूल करते. मग कपाटातून 1995 ची वही काढली. बाबांचं कारकुनी अक्षर, नारळ, गुलाल, मांडववाला, शेवटी शिल्लक. त्याखाली दोन सह्या आणि काकांच्या हातची एक ओळ : हिशेब तपासला, बरोबर आहे.