आय-९४ वरची तारीख

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेली घरे घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत आता मजल्यामजल्यावर सापडतात. ग्रीन कार्डाची पाळी केव्हा येणार, हा प्रश्न तिथे लग्नकार्यातही विचारला जातो. प्रत्येक देशासाठी ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे नोकरीच्या मार्गाने जाणारे भारतीय वर्षानुवर्षे रांगेत उभे आहेत, हे सर्वांना ठाऊक झाले आहे. परंतु पाळी आल्यावर मागच्या मुक्कामाचा जो हिशेब तपासला जातो, त्याविषयी कोणी बोलत नाही.

गफलत बहुधा तारखेतून सुरू होते. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाची मुदत ही त्या देशाच्या दाराशी जाण्याची मुदत होय; आत किती दिवस राहायचे, ते आय-९४ या नोंदीवरून ठरते. पासपोर्टच लवकर संपणार असेल, तर विमानतळावरील अधिकारी ती तारीखही तेवढीच आखडती देऊ शकतो. मुलगा पुढे पासपोर्ट नवा करून घेतो, कंपनीची मंजुरी अजून शिल्लक आहे या समाधानात राहतो, आणि आय-९४ उघडून पाहतच नाही.

नोकरीच्या मार्गाने अर्ज करणाऱ्याला कायद्याने थोडी सवलत ठेवली आहे. शेवटच्या रीतसर प्रवेशानंतर झालेला दर्जाभंग किंवा विनापरवाना काम एकूण १८० दिवसांपलीकडे गेले नसेल, तर तेवढ्या कारणाने अर्ज अडत नाही. आपल्याकडे ९० दिवस हप्ता थकला की बँक कर्जाला अनुत्पादित ठरवते. त्या मानाने हे औदार्यच म्हणायचे. अमेरिकन नागरिकाच्या जोडीदारालाही, प्रवेश रीतसर झाला असल्यास, मुदतीबाहेरचा मुक्काम सहसा आड येत नाही.

खरी कोंडी १९९६ च्या कायद्याने केली. मुदतीनंतर १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून देश सोडणाऱ्याला ३ वर्षे, आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक राहिलेल्याला १० वर्षे प्रवेशबंदी. दोष राहण्याचा, पण शिक्षा लागू होते ती निघाल्यावर! म्हणून असा मुलगा न्यू जर्सीतून हलत नाही. मुलुंडला वडील अत्यवस्थ असोत की त्यांची अंत्ययात्रा निघत असो, तो फोनच्या पडद्यावर हजर असतो. आणि घरची माणसे समाचाराला आलेल्यांना सांगतात, ‘त्याला रजा मिळाली नाही.’

अशा वेळी ‘फॉर्मात लिहूच नका’ असा सल्ला देणारे नातलग भेटतात. तो सर्वांत महाग पडतो. दर्जा कधी मोडला का, परवान्याविना काम केले का, हे अर्जात स्पष्ट विचारलेले असते. दर्जाभंगाला दिवसांची मोजणी तरी आहे. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून केलेल्या खोट्या निवेदनाने येणारी अपात्रता आयुष्यभराची असते, आणि तिच्यातून सूट मिळण्याची वाट फार अरुंद आहे.

जुने आय-९४, मंजुरीपत्रे, पगाराच्या पावत्या वर्षवार लावून आधी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला दाखवाव्यात. मुंबईचे तिकीट त्यानंतर काढावे.