सोसेल तेवढाच करंट!

पहिली मोटर मी जाळली. मुद्दाम नाही हो, घाईत!

त्याचं असं झालं... बाबांचा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर माळ्यावर पडून होता. नव्वदच्या दशकात त्यावर त्यांनी कितीतरी दुकानांचे हिशेब छापले. त्याच्या ‘कर्र्र-कर्र्र’ आवाजातच मी अभ्यास केला. तो बंद पडला, पण भंगारात द्यायला बाबांचा जीव होईना. शेवटी मीच म्हटलं, “बाबा, मी उघडू तो?”

आत दोन स्टेपर मोटर्स निघाल्या. एक हेड डावी-उजवीकडे नेणारी, दुसरी कागद सरकवणारी. डोक्यात प्लॅन तयार! आमच्या बाल्कनीतली ब्रह्मकमळाची कळी रात्री उमलते आणि सकाळी मान टाकते. कॅमेरा हळूहळू सरकवत त्या एका रात्रीचा टाइमलॅप्स करायचा.

घोळ एवढाच, की मोटरवर नुसता पार्ट नंबर होता. व्होल्ट, अँपिअर काही नाही. ‘बघू काय होतंय’ म्हणत मी एका कॉईलला 12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर थेट जोडला. शाफ्ट जागच्या जागी घट्ट! तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला. अर्ध्या तासाने जळकट वास... फिरत नाही म्हणजे आराम करतेय, असं स्टेपर मोटरचं नसतं. जागा धरून ठेवतानाही ती करंट खाते आणि तापते.

बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “एकच उरली गं आता.”

मग मात्र सगळं शिस्तीत. चार वायरी, त्यातल्या जोडीच्या कुठल्या? दोन टोकं एकमेकांना जोडायची आणि शाफ्ट बोटांनी फिरवायचा. जड लागला की जोडी सापडली! मल्टिमीटरवर एका कॉईलचा रेझिस्टन्स आला 10 ओहम.

पुढचा फंडा सिंपल आहे. मोटर किती करंट सोसेल, हे ती किती उष्णता बाहेर टाकू शकते त्यावर ठरतं. आणि ते आकारावरून ताडता येतं. माझ्या मोटरचं तोंड 42 मिलिमीटरचं, चौकोनी. एवढ्या मोटरला दोन्ही कॉईल्स मिळून 5 वॅट धरले, तर सहसा धोका नसतो. म्हणजे एका कॉईलला अडीच. त्याला 10 ने भागलं की पाव, आणि पावचं वर्गमूळ अर्धा. अर्धा अँपिअर! या वेळी थेट अ‍ॅडॉप्टर नाही, मध्ये करंटला लगाम घालणारा ड्रायव्हर.

पण हा झाला अंदाज. तो तपासायला नको? आधी पाव अँपिअर, मग अर्धा. तासभर मी शेजारी बसून. फोन सायलेंटवर! बंद करून लगेच रेझिस्टन्स मोजला, 12 ओहम. तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रेझिस्टन्स साधारण 0.39 टक्के वाढतो. 20 टक्के वाढ म्हणजे कॉईल 50 अंशांनी तापली. खोलीचे 26 मिळवले, तर 76-77. अशा मोटर्सच्या इन्सुलेशनची नेहमीची मर्यादा असते 130. पास! तरी मी करंट 0.4 वर आणला. करंट कमी झाला 20 टक्के, पण उष्णता कमी होते 36 टक्के. रात्रभराचा प्रश्न होता ना!

बाबांनी मोटरवर हात ठेवला. “गरम आहे, पण सोसतंय.”

तुमच्याही माळ्यावर असा एखादा प्रिंटर असेल. उघडा बिनधास्त, पण जोडायच्या आधी मोजा.

ब्रह्मकमळ ऑगस्टमधल्या एका शनिवारी उमललं. मोटर पहाटेपर्यंत सरकत राहिली, बारीक ‘कर्र्र’ करत. फूल पूर्ण उघडलं तेव्हा मी वळून बघितलं, तर बाबा खुर्चीतच झोपले होते. कित्येक वर्षांनी त्या आवाजात.