झुको, असं का केलंस?

‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’च्या दुसऱ्या पर्वाचा शेवट आज पुन्हा पाहिला आणि पुन्हा तेवढाच संताप आला. झुकोच्या बहिणीची, अझुलाची, वीज पाठीत शिरून मालिकेचा नायक आंग कोसळतो, बा सिंग से शहर पडतं. पण जिव्हारी लागतो तो ऐनवेळी बहिणीला सामील होणारा झुको. ही मालिका पाहिलेल्या कुणाशीही बोला, गाडी याच दगाबाजीवर येऊन थांबते. कुणी म्हणतं, त्याला कधीच माफ करणार नाही. कुणी म्हणतं, घरी परतायची आस लागलेलं पोर आणखी काय करणार?

मला राग येतो तो त्या गुहेतल्या क्षणामुळे. हिरव्या स्फटिकांच्या उजेडात आंगची मैत्रीण कटारा झुकोच्या गालावरच्या भाजल्याच्या व्रणाला हात लावते. उत्तर ध्रुवावरचं जपून ठेवलेलं पवित्र पाणी त्याच्यासाठी वापरू पाहते. तो डोळे मिटून उभा राहतो! इतका विश्वास मिळाल्यावरही तो बहिणीच्या बाजूने लढतो. शेवटी तेच पाणी आंगचा जीव वाचवतं.

हा भाग १ डिसेंबर २००६ला अमेरिकेत दाखवला गेला. तिसरं पर्व उजाडलं थेट सप्टेंबर २००७मध्ये. मधले महिने तिथल्या पोरांनी कसे काढले असतील! लेखकांनी झुकोला तिथेच सुधारलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तसं झालं असतं, तर पुढे त्याच्या आयरोहकाकांनी त्याला न बोलता मिठीत ओढलं, तेव्हा मी इतकी रडले नसते.