आठळी आणि काडी

बोम्मसंद्र्याला बदली झाली, तेव्हा सासूबाईंनी रत्नागिरीच्या अंगणातल्या कापा फणसाच्या आठळ्या ओल्या फडक्यात बांधून घेतल्या. आठळी वाळली की रुजत नाही! रोप छान तरारलं. पण आठळीचं झाड आईवर जाईलच असं नाही. कापा लावून बरका निघाला, तर ते कळायला सात-आठ वर्षं. सासूबाई सत्तरीच्या. इथल्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेनं तुमकूरकडच्या ‘सिद्दू’ या तांबूस गऱ्यांच्या फणसाची कलमं केली आहेत. कलम चारेक वर्षांत धरतं. म्हटलं, तेच आणू या. त्या म्हणाल्या, ‘‘आण की! पण आपल्या झाडाची काडी या रोपावर बांधता येईल ना गं?’’

येते की! भाऊजी काड्या ओल्या शेवाळात गुंडाळून आणणार आहेत.