आजार गेला, विसराळूपणा राहिला

कॅन्सर बरा झाला की घर निःश्वास सोडतं. नातेवाईक मिठाई घेऊन येतात, अल्हमदुलिल्लाह म्हणतात आणि फाईल कपाटात जाते. पण पेशंटचा एक त्रास तिथून पुढे चालू राहू शकतो. शब्द ओठांवर येऊन अडतो, गॅस चालू राहतो, बोलता बोलता धागा सुटतो. लोक याला ‘केमो ब्रेन’ म्हणतात. प्रत्यक्षात नुसती केमोथेरपी नव्हे; हार्मोनच्या गोळ्या, थकवा, बिघडलेली झोप, काळजी हेही त्यामागे असतं. वयस्कर माणसाच्या बाबतीत मात्र ‘वय झालं’ म्हटलं की विषय संपतो.

माझी अम्मी ६८ वर्षांची. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून दोन वर्षं झाली. तिला सर्वात जास्त लागलं ते नमाजमध्ये रकअतींची गिनती चुकणं. ‘इतनी उमर नमाज पढी, अब गिनती भी याद नहीं’ म्हणत ती रडली. मोहल्ल्यातल्या बायकांत बसणंही तिनं सोडलं. प्रश्न नुसत्या आठवणीचा नव्हता, इज्जतीचा होता.

डॉक्टरांनी आधी थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि कान तपासले, चालू गोळ्यांची यादी पाहिली, मन उदास असतं का ते विचारलं. मग सांगितलं, यावर खात्रीची गोळी नाही. चालणं, झोप, डोक्याला काम आणि माणसांची सोबत, हाच रस्ता.

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात कॅन्सरमधून बाहेर पडलेले २४२ जण होते. त्यातल्या निम्म्यांनी घरी कॉम्प्युटरवर १५ आठवडे मेंदूचा सराव केला. त्यांच्या स्वतःच्या तक्रारी कमी झाल्या. चाचण्यांत मात्र इतरांपेक्षा ठळक फरक दिसला नाही. शिक्षकाला यात नवल वाटत नाही. सरावानं कधी गुण वाढत नाहीत, पण मुलाचा धीर वाढतो, आणि धीर आला की ते पुन्हा हात वर करतं.

आमच्याकडे कॉम्प्युटर नाही, नात आहे. अम्मी उर्दू वाचते, मराठी बोलते, पण मराठी वाचता येत नव्हतं. आता नात तिला पहिलीचं बालभारती शिकवते. जोडाक्षरात अडली की दोघी हसतात. असरनंतर शेजारच्या खालासोबत अर्धा तास चालणं. दुपारची झोप थोडकी. चाव्या, चष्मा, गोळ्या यांची जागा ठरलेली. वहीत दिवसाची कामं, एका वेळी एकच. ती पूर्वीसारखी झाली असं म्हणणार नाही, पण बायकांत पुन्हा बसू लागली.

रकअतींबद्दल मौलानांनी सजदा-ए-सह्वची आठवण दिली. नमाजी विसरेल हे धरूनच दीननं त्याची सोय ठेवली आहे. मग आपल्या घरांत विसरणाऱ्याला ओशाळं का वाटावं?

तेव्हा घरच्यांना एवढीच विनंती. चारचौघांत ‘आत्ताच तर सांगितलं होतं’ म्हणू नका. शब्द अडला तर थांबा, त्यांना शोधू द्या. आणि गोंधळ अचानक वाढला, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे पडले, तर वही-बालभारती बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.