बोलीत आडनाव विचारत नाहीत

आम्ही लिंबागणेशचे. पोरांच्या शिक्षणासाठी बीड शहरात घर बघायला निघालो, तेव्हा फोनवर ठरलेला व्यवहार आडनाव सांगताच मोडायचा. "पाव्हण्यातच द्यायचंय," एवढंच उत्तर. 1917 साली बडोद्यात विदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना पारशी सराईत पारशी नावानं राहावं लागलं होतं, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. आता काठी दिसत नाही, इतकाच फरक.

म्हणून आम्ही बँकेच्या लिलावाकडे वळलो. ऑनलाइन बोलीत अनामत आणि आकडा बघतात, जात नाही. चळवळीतल्या काही साथींनी मात्र झापलं. कर्जबाजाऱ्याच्या तळतळाटाचं घर आंबेडकरी माणसानं घ्यावं का? प्रश्न खरा होता. त्यात नोटिशीतलं कर्जदाराचं नावही आपल्याच वस्तीतलं निघालं.

आम्ही त्यांना जाऊन भेटलो. सरफेसी कायद्यानुसार (2002) आधी साठ दिवसांची मागणी नोटीस येते. ती त्यांनी व्याजाचा कागद समजून ट्रंकेत टाकली होती. पुढे बँकेनं ताबा घेतल्यावर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सगळी बाकी भरून घर सोडवायचा हक्कही 2016 च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात निघेपर्यंतच उरतो. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. जाहिरात तर निघून गेली होती. आपल्या शाखांमधून घटनेच्या कलमांवर व्याख्यानं होतात, व्हायलाच हवीत, पण या साठ आणि पंचेचाळीस दिवसांवर एकही होत नाही.

आम्ही बोली लावली नसती म्हणून त्यांचं घर वाचलं नसतं. उलट कायद्याच्या कलम 13(7) प्रमाणे बँकेची बाकी आणि खर्च वजा जाता उरलेला पैसा हक्कदाराला परत द्यावा लागतो. लिलावात दलाल आपसांत ठरवून भाव पाडतात तेव्हा मार कर्जदारालाच बसतो. खरा गिऱ्हाईक आला की त्याच्या हाती चार पैसे पडायची शक्यता वाढते. हे त्यांच्यापुढेच बोललो. ते म्हणाले, "मग घ्या तुम्हीच, पण पाडून मागू नका."

लिलावातली खरी आडकाठी पुढे कळते. बोली लागली की अनामत धरून पंचवीस टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे. बाकीचे विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. लेखी मुदत मिळाली तरी तीन महिन्यांच्या वर नाही. चुकलं तर भरलेलं जप्त. आडनाव न विचारणारा हा दरवाजा रोकड मात्र विचारतो, आणि पिढ्यान् पिढ्या जमीन नाकारलेल्यांकडे तीच नसते. आमचे पंचवीस टक्के बहिणीच्या दागिन्यांतून, मेव्हण्याच्या पीएफमधून आणि बचत गटाच्या कर्जातून उभे राहिले. एकट्याच्या पगारावर आम्ही त्या बोलीत उतरूच शकलो नसतो.

घर मिळालं. मालमत्ता 'जशी आहे तशी' विकली जाते, त्यामुळे थकलेली घरपट्टी आणि लाईटबिलही आमच्याच गळ्यात आलं. ताबा मात्र प्रत्यक्ष होता. तो कागदोपत्रीच असता, तर कलेक्टर कचेरीच्या चकरा सुरू झाल्या असत्या.

बँकेची बाकी फिटून जी रक्कम उरली, तिच्यासाठी त्या गृहस्थांचा अर्ज आम्हीच लिहून दिला आणि पोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही. दर सोमवारी आम्ही दोघं मिळून शाखेत जातो.