मानिसेसची सोनेरी फुलदाणी

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्सिया शहराचा विमानतळ ज्या गावात आहे, त्याचे नाव मानिसेस. येथे उतरणारा प्रवासी बहुधा थेट शहराची वाट धरतो. आपण मात्र घटकाभर थांबावे. कारण हे गाव कुंभारांचे आहे, आणि पंधराव्या शतकात येथील रंगविलेली भांडी इटलीतील धनिकांच्या घरी मानाने मिरवत असत.

त्या काळची एक फुलदाणी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिचे कान पक्ष्याच्या पसरलेल्या पंखांसारखे आहेत, अंगावर सोनेरी पानांची नक्षी आहे आणि मध्यभागी फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचे चिन्ह आहे. सोनेरी म्हटले, तरी तीत सोन्याचा कण नाही!

ही किमया साधते कशी? आपल्याकडील साधा माठ एकदा भाजला की झाले. मानिसेसचे भांडे तीनदा आगीतून जाते. प्रथम माती भाजतात. मग शिसे व कथील यांची पांढरी झिलई देऊन, तीवर निळे रंगकाम करून ते पुन्हा भाजतात. कच्ची झिलई रंग तत्काळ शोषून घेते. म्हणून चुकलेली रेघ सहसा पुसता येत नाही. शेवटी चांदी व तांबे यांच्या संयुगांचा लेप कुंचल्याने देऊन ते मंद, धुराने कोंदलेल्या भट्टीत ठेवतात. बाहेर येते ते काळवंडलेले भांडे. त्यावरील काजळी पुसली, की खालून सोनेरी झळाळी प्रकटते.

ही विद्या मुसलमान कारागिरांची. दक्षिणेकडील मालागाची तीत विशेष ख्याती होती. म्हणून मानिसेसच्या मालालाही प्रारंभी 'मालागाचे काम' असेच म्हणत. ख्रिस्ती राजवटीत मुसलमान कुंभारांनी घडविलेली भांडी ख्रिस्ती सरदार व व्यापारी हौसेने घेत. पुढे या समाजाला धर्मांतर करावे लागले, आणि तेवढ्यानेही भागले नाही. १६०९ साली राजा तिसरा फिलिप याने त्यांना देशाबाहेर काढण्याची आज्ञा दिली. एकट्या व्हॅलेन्सियाच्या राज्यातून एक लाखाहून अधिक माणसे जहाजांत चढविली गेली.

गावात चाके व भट्ट्या राहिल्या. मागे उरलेल्यांनी धंदा चालू ठेवला. परंतु सतराव्या-अठराव्या शतकांतील भांडी पाहा : ती झळाळी मुख्यतः तांबूस आहे, आणि जुन्या नक्षीची नाजूक वीण सैल झालेली दिसते.

व्हॅलेन्सियाच्या राष्ट्रीय मृत्पात्र-संग्रहालयात मानिसेसची निरनिराळ्या काळांतील भांडी पाहावयास मिळतात. ती नुसती 'सुंदर' म्हणून पुढे जाऊ नका. जुन्या भांड्यावरील फिकट सोनेरी रंग आणि नंतरच्या भांड्यावरील तांबूस रंग यांची तुलना करा. त्या दोन रंगांच्या मध्ये एका समाजाचे घर सुटले आहे.